फौजीभाऊंना विचारा : धुऱ्यामधला बर्फ

२०२५ च्या मे अंकात लेहच्या नोकरीच्या माझ्या आठवणी छापून आल्या. त्यात बर्फावरच्या हॉकीबद्दल जेमतेम दहा ओळी होत्या, पण पत्रं आली ती त्या दहा ओळींवरच. संपादकांनी पाकीट घरी पाठवलं आणि जुलै अंकात उत्तरं द्या म्हणून फोन केला. सध्या धानाची रोवणी सुरू आहे, दिवस बांधीत जातो, म्हणून ही उत्तरं रात्री जेवण झाल्यावर सपरीत बसून लिहिली आहेत. आधीचा अंक ज्यांच्या हाती आला नाही त्यांच्यासाठी सांगतो : मी सतरा वर्षं फौजेत ड्रायव्हर होतो, त्यातले दोन हिवाळे लेहला काढले आणि आता लाखांदूर तालुक्यात धानाची शेती करतो. हा खेळ तिथे मनात बसला तो बसलाच.

प्रश्न : भाऊ, क्रिकेटचा वर्ल्ड कप चार वर्षांनी येतो. तुम्ही लिहिलं की बर्फावरच्या हॉकीची जागतिक स्पर्धा दरवर्षी होते. मग तिची किंमत काय राहते? आणि शेती सांभाळून तुम्ही हे बघता तरी केव्हा?
— एक शेतकरी, ता. लाखनी

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. शेतीची लाइन, म्हणजे वीज, निम्मे दिवस रात्रीचीच असते हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. रानडुकरांमुळे जागलही चुकत नाही. डिसेंबरात हरभरा आणि लाखोळी उभी असते, मी मचाणावर असतो, आणि नेमकी तेव्हाच, २६ डिसेंबर ते ५ जानेवारी, वीस वर्षांखालच्या पोरांची जागतिक स्पर्धा चालते. २०२५ ची ती कॅनडात ओटावाला होती. तिथली दुपार म्हणजे आपली रात्र. या खेळात वीस-वीस मिनिटांचे तीन डाव असतात आणि मधे पंधरा मिनिटांची सुट्टी. मोटर बघून यायला आणि हरभऱ्याचं पाणी दुसऱ्या सरीत फोडायला ती सुट्टी बरोबर पुरते.

त्या स्पर्धेत लाटव्हियाच्या पोरांनी कॅनडाला कॅनडात हरवलं, शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर एकेकाने गोलरक्षकासमोर जाऊन मारायच्या फटक्यांत, ३-२. लाटव्हिया केवढा देश? लोकसंख्या वीस लाखांच्या आत. आपला भंडारा आणि गोंदिया हे दोन जिल्हे मिळवले तरी माणसं जास्त भरतात. २८ डिसेंबरची सकाळ होती. निकाल लागला तेव्हा मचाणावर माझ्याजवळ सांगायला कोणी नव्हतं. शेजारच्या बांधीतला पोरगा फवाऱ्याचे पाइप उचलायला आला, त्याला थांबवून सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, हे त्याचे उपकार.

तिथून पुढे वर्ष कसं सरकतं ते पहा. फेब्रुवारीत कॅनडा, अमेरिका, स्वीडन आणि फिनलंड या चौघांची स्पर्धा मॉन्ट्रियल आणि बॉस्टनला झाली. तिचा अंतिम सामना आपल्याकडे २१ तारखेच्या सकाळी साडेसहाला सुरू झाला. म्हशीचं दूध काढून बसलो. जादा वेळेत कॉनर मॅकडेव्हिडने गोल केला आणि कॅनडा ३-२ ने जिंकला. एप्रिलमध्ये महिलांची जागतिक स्पर्धा चेकियात चेस्के बुदेयोवित्से या गावी झाली, तिथे अमेरिकेने कॅनडाला ४-३ ने हरवलं. त्याच सुमारास अठरा वर्षांखालची पोरं टेक्सासला खेळत होती. टेक्सास म्हणजे कापसाचा मुलूख, आपल्या यवतमाळसारखा, आणि तिथे बर्फ! मे महिन्यात पुरुषांची मुख्य स्पर्धा स्वीडनमधल्या स्टॉकहोमला आणि डेन्मार्कमधल्या हेर्निंगला. तिचे सामने आपल्याकडे रात्री सात-पन्नास आणि अकरा-पन्नासला लागायचे. आंगणात बाज टाकलेली, अंगाखालची चादर रात्री बारालाही गरम, आणि पडद्यावर पांढरंशुभ्र. अंतिम सामना २५ मेला झाला. तीन डावांत एकही गोल नाही. जादा वेळेत अमेरिकेच्या टेज थॉम्पसनने स्वित्झर्लंडवर गोल केला, १-०.

आता एक गोष्ट बघा. जानेवारीतला पोरांचा अंतिम सामनाही अमेरिकेने फिनलंडवर ४-३ असा जादा वेळेतच जिंकला होता. म्हणजे मी सांगितलेल्या या चारही अंतिम सामन्यांचा निकाल ठरल्या साठ मिनिटांत लागलाच नाही. इतकी वर्षं बघतो आहे, पण असं वर्ष माझ्या आठवणीत दुसरं नाही.

आता किंमतीचं. चार वर्षांनी येणारं ऑलिम्पिक या खेळातही आहे आणि त्याचा मान वेगळाच. पण दरवर्षीच्या स्पर्धेची किंमत सुवर्णपदकात मोजू नका, ती खालून मोजा. वरच्या गटात सोळा देश असतात. आठ-आठच्या दोन तुकड्या पाडतात, आणि प्रत्येक तुकडीतला शेवटचा देश पुढच्या वर्षी खालच्या गटात जातो. त्या खालच्या गटातून दोन देश वर येतात. त्याच्याही खाली आणखी गट आहेत, पायरीखाली पायरी, आणि प्रत्येक पायरीवर दर वर्षी स्पर्धा होते. २०२५ साली फ्रान्स आणि कझाकस्तान खाली गेले, ब्रिटन आणि इटली वर आले. फ्रान्स म्हणजे कोण? या खेळाची जागतिक संघटना १९०८ साली पॅरिसमध्येच स्थापन झाली. घर बांधणाराच घराबाहेर. मानाला, जुन्या नावाला तिथे काही जागा नाही. यंदा पीक आलं नाही तर नाही.

म्हणून मी सोन्याच्या सामन्याइतकाच शेवटच्या दोन जागांचा सामना बघतो. ज्याला हरल्यावर खाली जायचं आहे तो कसा खेळतो ते बघा. पुढे गेलेला पकडायला जीव तोडून धावतो तसं नव्हे, तर बांध फुटायला आलेला माणूस रात्री पावसात फावडं घेऊन धावतो तसं.

प्रश्न : डेन्मार्कने कॅनडाला हरवलं ती क्लिप माझ्या मुलाने दाखवली. शेवटी शेवटी एका संघाचा गोलकीपरच मैदान सोडून पळत जातो असंही त्याने दुसऱ्या सामन्यात दाखवलं. हे काय असतं?
— किराणा दुकानदार, अर्जुनी मोरगाव

पळत नाही, त्याला बोलावतात. मैदानात एका बाजूचे सहा जण असतात, पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. संघ एका गोलने मागे असेल आणि शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असतील तर प्रशिक्षक गोलरक्षकाला बाहेर घेतो आणि त्याच्या जागी सहावा हल्लेखोर उतरवतो. आपला गोल उघडा पडतो. समोरच्याने अर्ध्या मैदानातून चकती (इथे चेंडूऐवजी रबराची चकती असते) ढकलली तरी ती सरळ जाळीत. पण एका गोलने हरलो काय आणि दोन गोलने हरलो काय, हार ती हारच, म्हणून पदरचं सगळं लावायचं.

डेन्मार्कचा तो सामना मी २२ मेच्या रात्री पाहिला. हेर्निंग त्यांचंच गाव, प्रेक्षक सगळे लाल सदऱ्यांत. समोर सिडनी क्रॉसबी आणि नेथन मॅकिनन, या खेळातली आजची मोठ्यातली मोठी नावं. कॅनडा १-० ने पुढे होता आणि दोन-अडीच मिनिटं उरली होती. तिथे डेन्मार्कने बरोबरी केली, आणि शेवटच्या मिनिटात दुसरा गोल. २-१. पुढच्या सामन्यात स्वित्झर्लंडने त्यांना ७-० ने धुतलं आणि कांस्यपदकाचा सामनाही स्वीडनकडे गेला. तरी डेन्मार्कच्या माणसाला २०२५ चं वर्ष विचारा, तो तुम्हाला ते एक मिनिटच सांगेल.

२०२३ साली लाटव्हियाने पहिल्यांदा कांस्यपदक मिळवलं, अमेरिकेला जादा वेळेत ४-३ ने हरवून. त्या रात्री त्यांची संसद मध्यरात्री भरली आणि दुसऱ्या दिवशी देशाला सुट्टी जाहीर केली. तिसऱ्या नंबरासाठी! मला ते फार आवडलं. आपल्या घरी पोरगा तिसरा आला की आपण पहिला कोण आला ते विचारतो.

प्रश्न : मी गोंदियाजवळ बर्फाच्या कारखान्यात काम करतो. आमच्याकडे एक लादी जमायला दिवस जातो आणि उन्हात अर्ध्या तासात पाणी सुटतं. मे महिन्यात एवढं मोठं बर्फाचं मैदान करतात कसं? आणि त्यावर पन्नास माणसं खेळल्यावर ते राहतं कसं?
— कारखान्यातला ऑपरेटर

तुमचं पत्र वाचून खूप आनंद झाला, कारण या खेळाचं मूळ काम तुम्ही रोज करता. यंत्र तेच. कॉम्प्रेसर, अमोनिया आणि मिठाचं पाणी. तुमच्याकडे खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाण्याचे डबे उभे करतात. तिथे उलटं करतात. काँक्रीटच्या फरशीखाली नळ्या पसरलेल्या असतात, शेजारी शेजारी, मैलोगणती. त्यांतून ते गार खारं पाणी किंवा ग्लायकॉल नावाचं सहज न गोठणारं द्रव फिरतं. फरशी शून्याच्या खाली गेली की वर पाणी फवारतात, पातळ थर, तो गोठला की दुसरा. मग पांढरा रंग मारतात, नाहीतर खालचं काँक्रीट दिसेल आणि काळी चकती नजरेला सापडणार नाही. त्यावर लाल आणि निळ्या रेघा ओढतात, आणि पुन्हा थर. सगळी जाडी किती? तीन ते चार सेंटीमीटर. मैदान साठ मीटर लांब आणि सव्वीस ते तीस मीटर रुंद, म्हणजे अर्ध्या एकरापेक्षा जरा लहान बांधी. चहूबाजूंनी कमरेहून थोडी उंच फळी. आमच्या भाषेत धुरा.

तुमच्या लादीच्या मधोमध पांढरा गाभा राहतो ना, ती अडकलेली हवा. मैदानात तो गाभा चालत नाही, तिथला बर्फ ठिसूळ होतो. म्हणून डावाच्या सुट्टीत जे यंत्र मैदानावर फिरतं ते गरम पाणी सोडतं. गरम पाण्यात हवा कमी राहते, शिवाय ते खेळाडूंच्या बुटांखालच्या पात्यांनी पडलेल्या चिरा थोड्या वितळवून एकजीव करतं. यंत्राला खाली पातं असतं, ते वरचा भुगा खरवडून पोटात घेतं आणि मागून पाण्याची ओली फडकी फिरते. हे यंत्र १९४९ साली कॅलिफोर्नियात फ्रँक झँबोनीने बनवलं. हा झँबोनी आधी काय करायचा माहीत आहे? भावाबरोबर बर्फाच्या लाद्यांचा कारखाना चालवायचा. थंडी करणारी विजेची यंत्रं आली आणि लाद्यांचा धंदा बसला. तेव्हा हाताशी असलेल्या विद्येवर त्याने स्केटिंगचं मैदान उघडलं. मैदान गुळगुळीत करायला माणसांना तासाहून अधिक लागायचं, म्हणून यंत्र. आज जगात त्या यंत्राला त्याच्याच नावाने हाक मारतात. तुमच्याच धंद्यातला माणूस.

आणि उन्हाचं म्हणाल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात महिलांचा आशिया कप झाला तो संयुक्त अरब अमिरातीत, अल ऐनला. वाळवंटात. बाहेर आपल्या चंद्रपूरसारखी भट्टी, आत बर्फ. त्या स्पर्धेबद्दल शेवटच्या पत्रात लिहितोच.

पण लेहला आमच्याकडे कॉम्प्रेसर नव्हता, आभाळ होतं. जानेवारीत रात्री पारा शून्याखाली पंधरा, कधी वीस. कारझूच्या तळ्यावर आपोआप गोठलेला बर्फ असायचा. आमच्या युनिटने मात्र छावणीतल्या सपाट जागेवर स्वतःचं मैदान केलं होतं, आणि त्याला पाणी घालायची ड्यूटी आम्हा ड्रायव्हरांची. मातीचा वीतभर धुरा घातला. मी धानवाला माणूस, पहिल्या रात्री बांधी भरतात तसं पाणी सोडलं. सकाळी वर पापडी धरलेली आणि खाली पाणी. पाय ठेवला की करकर करत आत. लडाखी हवालदार होते, त्यांनी काही न बोलता पहारीने सगळं फोडायला लावलं आणि रात्री स्वतः उभे राहून दाखवलं : डब्याच्या पत्र्याला खिळ्याने भोकं पाडायची, चालत चालत शिंपडायचं, जमीन फक्त ओली दिसली पाहिजे, चमकली नाही पाहिजे. मग बुखारीजवळ जाऊन हात शेकायचे. वीस-पंचवीस मिनिटांनी दुसरी फेरी. रात्रभर. भेग पडली तर भुरभुरा बर्फ पाण्यात कालवून शेणाने भिंत लिंपतो तसं लिंपायचं आणि तळहाताने दाबायचं. सहा रात्रींनी ते मैदान असं झालं की चांदणं त्याच्यात दिसायचं. त्यावर पहिला माणूस उतरला तेव्हा जो आवाज झाला, नवीन कात्रीने कोरं कापड फाडावं तसा, तो अजून कानात आहे.

बूट फौजेचेच जुने, खाली लोखंडी पातं ठोकलेलं. खऱ्या स्केट्सची जोडी युनिटमध्ये दहाच होती, ती आळीपाळीने.

प्रश्न : मी गावात कबड्डीची पोरं तयार करतो. या खेळात खेळाडूला दोन मिनिटं पिंजऱ्यात बसवतात म्हणे. आणि फेब्रुवारीत कॅनडा-अमेरिका सामना सुरू होताच मारामारी झाली ती पाहिली. हे चालतं का?
— कबड्डी प्रशिक्षक, ब्रह्मपुरी

तुम्हाला हे पटकन कळेल. कबड्डीत गडी बाद झाला की संघ कमी माणसांत खेळतो, आणि आपण गुण घेतला की आपला गडी जिवंत होतो. इथे कोणी समोरच्याला काठीने अडवलं, पायात काठी घातली, तर त्याने दोन मिनिटं बाहेरच्या बाकावर बसायचं आणि त्याचा संघ चौघांत लढायचा. तो परत येतो दोन मिनिटं भरल्यावर, किंवा त्याच्या संघावर गोल झाल्यावर. म्हणजे त्याच्या चुकीचा दंड सोबत्यांनी भरल्यावर तो सुटतो. पोरांना शिस्त शिकवायला याहून चांगला नियम मी पाहिला नाही. कबड्डीतही असावा असं मला खरंच वाटतं.

खेळाडू एका वेळी मैदानात किती राहतो हेही पोरांना सांगा. चाळीस ते पन्नास सेकंद. तेवढ्यात जीव खाऊन खेळायचं आणि फळीवरून बाहेर उडी, खेळ चालू असतानाच दुसरा आत. थांबवणं नाही, विचारणं नाही. पुढच्या तिघांच्या चार तुकड्या असतात, त्या रहाटाच्या गाडग्यांसारख्या फिरत राहतात.

मारामारीचं सांगतो. १५ फेब्रुवारीच्या त्या सामन्यात पहिल्या नऊ सेकंदांत तीन वेळा जुंपली, हे खरं. ती चौरंगी स्पर्धा उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या नियमांवर होती. तिथे मारामारीला पाच मिनिटं बाकावर बसायची शिक्षा, मग पुन्हा आत. जागतिक स्पर्धेत असं नाही. तिथे मुठी वळल्या की सामन्यातून बाहेर. मला दुसराच नियम बरोबर वाटतो. लोक त्या नऊ सेकंदांच्या क्लिपा एकमेकांना पाठवत बसले, आणि पाच दिवसांनी त्याच दोन संघांनी अंतिम सामन्यात जो निव्वळ खेळ केला तो पाठवला फार थोड्यांनी.

प्रश्न : रशिया या खेळात मोठा होता असं ऐकलं होतं. आता कुठेच दिसत नाही?
— निवृत्त पोस्टमास्तर, देसाईगंज

युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, २०२२ साली, रशिया आणि बेलारूस यांना जागतिक स्पर्धांतून बाहेर काढलं. मोठा होता यात शंका नाही. १९७२ साली सोव्हिएत संघ आणि कॅनडा यांच्यात आठ सामने झाले. शेवटच्या सामन्यात मॉस्कोत ३४ सेकंद उरले असताना पॉल हेंडरसनने गोल केला म्हणून कॅनडा चार विजयांनी तरला. सोव्हिएत संघाने तीन जिंकले, एक बरोबरीत. आणि १९८० च्या ऑलिम्पिकमध्ये लेक प्लॅसिडला अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांनी याच सोव्हिएत संघाला ४-३ ने हरवलं.

प्रश्न : मे महिन्यातला अंतिम सामना जिंकल्यावर अमेरिकेच्या खेळाडूंनी फोटोसाठी १३ नंबरचा सदरा हातात धरला होता. अंगात कोणीच नव्हतं. तो कोणाचा?
— एक वाचक, तुमसर

जॉनी गॉड्रोचा. अंगाने लहानखुरा, पण चकती काठीला चिकटल्यासारखी नेणारा खेळाडू. मोठे खेळाडू मे महिन्यात दमलेले असतात, बरेचजण देशासाठी यायला नाही म्हणतात. हा बोलावलं की यायचा. अमेरिकेकडून जागतिक स्पर्धांत त्याच्याइतके गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत मिळून) दुसऱ्या कोणी केले नाहीत. २९ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तो आणि त्याचा धाकटा भाऊ मॅथ्यू न्यू जर्सीत आपल्या गावाजवळ रस्त्याच्या कडेने सायकली चालवत होते. मागून आलेल्या मोटारीने दोघांना उडवलं. दोघेही गेले. मोटार चालवणाऱ्यावर दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बहिणीचं लग्न होतं.

संघाने त्याचा सदरा सबंध स्पर्धाभर ड्रेसिंग रूममध्ये टांगून ठेवला होता, त्याची जागा म्हणून. ऑलिम्पिकपासून वेगळी भरलेली ही स्पर्धा अमेरिकेने १९३३ नंतर पहिल्यांदाच जिंकली, आणि पहिल्या फोटोत तो सदरा होता.

मी ड्रायव्हर माणूस. ती बातमी वाचल्यावर आपल्या साकोली-लाखांदूर रस्त्यावरून रात्री सायकलीने घरी जाणारी माणसं डोळ्यांपुढे आली. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागून चमकणाऱ्या लाल पट्ट्या लावून घेतल्या, आणि घरातल्या दोन्ही सायकलींनाही. चार पट्ट्या उरल्या आहेत, कोणाला हव्या असतील तर घेऊन जा.

प्रश्न : फौजीकाका, मी नववीत आहे. भारताच्या मुलींनी बर्फाच्या हॉकीत पदक मिळवलं असं वाचलं. मला हा खेळ खेळता येईल का? आमच्या गावात बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर असतो. आई म्हणाली तुम्हाला विचार.
— विद्यार्थिनी, ता. पवनी

बेटा, तुझं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, सावकाश लिहायचं म्हणून.

होय, जूनमध्ये अल ऐनला झालेल्या आशिया कपमध्ये आपल्या मुलींना कांस्यपदक मिळालं. त्याआधीचंही ऐक. भारताचा महिला संघ पहिल्यांदा परदेशी स्पर्धेत खेळला तो २०१६ साली तैपेईला, आणि एकही सामना जिंकला नाही. पुढच्या वर्षी बँकॉकला फिलिपाइन्सला ४-३ ने हरवलं, तो पहिला विजय. तिथून कांस्यपदकापर्यंत आठ वर्षं लागली. मघाशी मी लाखनीच्या भाऊंना पायऱ्यांचं लिहिलं ना, तर २०२५ च्या त्या पदकाच्या वेळी भारत जागतिक स्पर्धेच्या सगळ्यात खालच्या पायरीवरही नव्हता. आपण अंगणात उभे होतो आणि आशियातल्या स्पर्धा खेळत होतो. म्हणून या पदकाचं मोल मला मॅकडेव्हिडच्या गोलपेक्षा कमी वाटत नाही.

त्या मुली जवळजवळ सगळ्या लडाखच्या, काही हिमाचलातल्या स्पितीच्या. त्यांच्याकडे नैसर्गिक बर्फ वर्षाला दोन महिने, फार तर अडीच. उरलेले दिवस त्या कोरड्या जमिनीवर सराव करतात. तिथल्या पुष्कळ मुली लहानपणापासून बर्फावर असतात, त्यामुळे चौदाव्या वर्षी सुरुवात करणं उशिराचं आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण त्यातल्याही पुष्कळजणी मोठ्या भावाचे बूट घालून, त्यात कापड कोंबून शिकल्या. आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलात महिलांचा बर्फावरच्या हॉकीचा संघ आहे. दलात भरती होऊन खेळाडू झालेल्या मुली आहेत, हे तुझ्या आईला सांग.

आज तू काय करू शकतेस? एका रांगेत चाकं असलेले स्केट मिळतात, त्यांना इनलाइन म्हणतात. बर्फावरचा तोल आणि त्यांच्यावरचा तोल जवळचा आहे. शाळेतलं सिमेंटचं मैदान किंवा गावातलं धान वाळवायचं पक्कं खळं, दोन्ही चालतील, फक्त सकाळी झाडून घे. बारीक खडा चाकाखाली आला तर गुडघा फुटतो. पहिला महिना काठी हातात घेऊच नकोस. गुडघे वाकवून उभं राहायचं, रोवणीला वाकतो तितकं नाही, खाटेवर बसायला निघाल्यासारखं, आणि थांबायला शिकायचं. पळता सगळ्यांना येतं. मला लेहला थांबता येत नव्हतं, आणि मी एकदा धुऱ्यावर खांदा आपटून तीन आठवडे हात गळ्यात अडकवून स्टोअरमध्ये बसलो होतो. पडणार असं वाटलं तर पुढे पड, हात कोपरातून वाकवून. मागे पडू नको.

निवृत्त होताना त्या लडाखी हवालदारांनी मला त्यांची काठी आणि स्केट्सची एक जोडी दिली. सपरीत आढ्याला टांगलेली आहे, दर दिवाळीला पात्यांना तेल लावतो. जोडी आठ नंबरची आहे, तुझ्या पायाला मोठी होईल. तरी रोवणी संपली की आईबाबांना घेऊन एखाद्या रविवारी ये. जाड मोजे दोन जोड आण, एकावर एक घालायला. माझ्याकडे रबराची खरी चकतीही आहे, एकशे साठ-सत्तर ग्रॅमची, हातात घेतलीस की कळेल केवढी घट्ट असते ती. खेळायच्या आधी तिला बर्फात ठेवून गोठवतात, म्हणजे उसळत नाही. येण्याच्या आदल्या दिवशी संपादकांकडे निरोप ठेव. मी ती रात्रभर फ्रीजमध्ये ठेवीन.